शहापूरहून आणलेलं गणित

वैशाखरे गावच्या धर्माजी गुरुजींची नजर एका दिवसात गेली नाही. आधी फळ्याच्या कडा पुसट झाल्या, मग मागच्या रांगेतली पोरं दिसेनाशी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी फिरू लागली, आणि १९३६ च्या दिवाळीनंतर हातातला खडूसुद्धा दिसेना. मुंबईच्या डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून सांगितलं आणि आता फार उशीर झाला, हेही सांगितलं. मुरबाडच्या शाळेतली मास्तरकी सुटली. गुरुजींनी अजून पन्नाशीही गाठली नव्हती.

घरी आल्यावर ते ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसू लागले. ताट समोर ठेवलं तर दोन घास खात. कुणी हाक मारली तर हुंकारही देत नसत. त्यांची बायको बाईजा शेतात राबणारी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. भाताची झोडणी, वरी-नाचणीची काढणी सगळं ती आणि तिची धाकटी जाऊ राही मिळून उरकत. शेतातून आल्यावर बाईजाची नजर आधी ओटीकडे जाई. माणूस सकाळी सोडून गेली तसाच बसलेला असे.

एके दुपारी ती भारा टाकून वळली तर ओटी रिकामी. ती धावत मागल्या दारी गेली. गुरुजी विहिरीपाशी उभे होते, कठडा ढासळला होता नेमक्या त्या बाजूला, अगदी कडेवर.

"अवो, इकडं कुठं आलात?" तिनं त्यांचा दंड धरला. त्यांना कडेपासून दोन पावलं मागं ओढलं.

"पाणी प्यायला," गुरुजी म्हणाले.

पोहरा आणि दोर घरात खुंटीला होता. बाईजानं ते बोलून दाखवलं नाही. त्यांना हाताला धरून तिनं ओटीवर आणून बसवलं आणि स्वतः चुलीपाशी जाऊन बसली. चूल पेटवायचंही तिला भान राहिलं नाही.

राही म्हणाली, "भगताला दाखवू या का? काय तरी बाधलं असंल."

"बाधलं काय नाय गो," बाईजा म्हणाली. "त्यांचं जे होतं तेच निघून गेलंय. ते परत आणाया हवं."

काय होतं त्यांचं, ते बाईजाला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत कोंडू मास्तर घरी येत. ट्रेनिंगला दोघं बरोबर होते. एकदा का गणितावरून जुंपली की चुलीवरची भाकर करपली तरी दोघांना वास येत नसे. एखादं गणित सुटत नसलं की गुरुजी उलटा सदरा घालून शाळेत निघत. पुढं कोंडू मास्तरांची बदली शहापूरला झाली आणि येणं-जाणं तुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं राहीला सांगितलं, "यांच्यावर डोळा ठेव. मी शहापूरला जाऊन येते."

"शहापूरला? कशाला?"

"गणित आणाया."

राही तिच्या तोंडाकडे बघत राहिली. पण बाईजानं भाकरी बांधून घेतली होती आणि पदर खोचला होता.

मुरबाडपर्यंत हिरड्याची पोती नेणारी गाडी मिळाली. पुढं काळू नदीला माघात गुडघाभरच पाणी होतं, ती चालतच उतरली. किन्हवलीला तिची मुलगी वत्सला दिली होती, तिच्याकडे रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत शहापूरच्या शाळेच्या पायरीवर जाऊन बसली.

मधल्या सुट्टीत कोंडू मास्तर बाहेर आले आणि तिला बघून जागीच थबकले. "वहिनी! धर्माजी...?"

"हायत. जिते हायत, म्हणूनच आले मी. मास्तर, मला एक गणित द्या."

"गणित?"

"अवघड पायजे. बसल्या जागी सुटलं तर काय उपयोग नाय. वैद्य औषध देतो ना, तसं द्या." मग तिनं विहिरीपाशी काय झालं ते सांगितलं.

कोंडू मास्तर हातातल्या खडूशी चाळा करू लागले. "वहिनी, त्याला अडेल असं गणित माझ्यापाशी कुठलं?" ते म्हणाले. मग खडू खिशात टाकला. "एक आहे. कल्याणला एका लग्नात एका गृहस्थांनी घातलं होतं. मी किती झटापट केली, हाताला लागलं नाही. त्याला उत्तर आहे की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही."

"तेच द्या."

त्यांनी कागद काढला. बाईजानं हात आडवा केला. "कागद घरी कोण वाचणार? माझ्याकडनं पाठ करून घ्या."

मग शाळेच्या पायरीवर कोंडू मास्तरांनी तिला गणित पढवलं. एक ते नऊ हे आकडे घ्यायचे, प्रत्येक एकदाच. शेवटी शून्य. असा दहा आकड्यांचा एकच मोठा आकडा करायचा. पण कसाही नाही. त्याच्या डावीकडचे पहिले दोन आकडे घेतले तर त्याला दोनानं भाग गेला पाहिजे. पहिले तीन घेतले तर तिनानं, चार घेतले तर चारानं, पाच घेतले तर पाचानं, असं करत करत अख्ख्या आकड्याला दहानं. कुठंही बाकी उरता कामा नये.

"असा आकडा आहे का? असला तर किती आहेत? नसला तर का नाही?" कोंडू मास्तरांनी शेवट केला. "हे तिन्ही विचारायचं, वहिनी."

बाईजानं ते बोटांवर धरलं आणि परतीच्या सगळ्या वाटेनं जात्यावरच्या ओवीसारखं म्हणत आली. किन्हवलीला वत्सलानं वडलांची चौकशी केली, तेव्हा आधी तिनं हात वर करून गणित पुरं म्हणून घेतलं आणि मग लेकीशी बोलली.

घरी पाय धुवायच्या आधी ती ओटीवर गेली. "कोंडू मास्तरांनी धाडलंय," म्हणून तिनं सगळं एका दमात म्हणून दाखवलं.

गुरुजी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "रिकामटेकड्याचं काम आहे." बस्स, एवढंच. बाईजा आत गेली आणि थकलेले पाय शेकत बसली. दिवाळीपासून त्यांनी कशाबद्दल मत दिलेलं ते पहिलंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती अंगण झाडत होती. ओटीवरून आवाज आला, "अगो, पाचव्या जागेवर पाचच येणार."

तिनं केरसुणी खाली ठेवली. "का बरं?"

"पाचानं भाग जायचा तर शेवटी पाच पाहिजे नाहीतर शून्य. शून्य तर दहाव्या जागेला गेलं. मग उरलं काय?"

"पाच," बाईजा म्हणाली.

"मग!" गुरुजी म्हणाले आणि हातानं जमीन चाचपू लागले. खडू शोधत होते.

खडूचा उपयोग नव्हता. लिहिलेलं दिसत नव्हतं आणि डोक्यात धरलेलं सुटून जात होतं. चार जागा बसवल्या की पहिली जागा निसटे, आणि ते स्वतःवर चिडत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाईजानं शेतातली चिकण माती मळून आणली, तिच्या बोटाएवढ्या जाड चकत्या थापल्या आणि एकेक त्यांच्या हाताखाली सरकवली. "यांच्यावर काढा आकडे. खोल काढा."

गुरुजींनी बोटानं आकडे कोरले आणि प्रत्येक कोरताना नाव उच्चारलं. बाईजानं चकत्या वाळवल्या, तुसाच्या आगटीत भाजल्या. त्या निवता निवता तिला एकपासून नऊपर्यंतचे आकडे ओळखू येऊ लागले होते. तिनाचं पोट कुठं, सहाची शेपटी कुठं, हे तिच्याही बोटांना कळायला लागलं.

मग काम खरं सुरू झालं. सकाळी ती शेतावर जाई, गुरुजी ओटीवर चकत्या मांडत, मोडत. दुपारी ती आली की ते सांगत, ती ऐके. दुसरी, चौथी, सहावी, आठवी या जागांवर समच आकडे बसणार. म्हणजे पहिली, तिसरी, सातवी, नववी या जागा एक, तीन, सात, नऊ यांच्या. चारानं आणि आठानं भाग जायचा तर चौथ्या आणि आठव्या जागेवर दोन नाहीतर सहाच चालतात. म्हणून चार आणि आठ यांना दुसरी आणि सहावी जागा. तिनानं भाग जातो का, हे बघायला आकड्यांची बेरीज करायची. तसं केल्यावर मधे, चौथ्या ते सहाव्या जागेत, एक तर दोन-पाच-आठ येणार, नाहीतर सहा-पाच-चार. तिसरं काही नाही.

"म्हणजे केवढे मोठे आकडे, अन् आपण त्यांना दावणीला बांधत आणलंय," बाईजा म्हणाली. गुरुजी हसले. राही आतून धावत बाहेर आली, खरंच हसले का ते बघायला.

शिमगा जवळ आला तोवर हाताशी पाचच जुळण्या उरल्या होत्या. आता आडवा होता तो सात. दोनाला, तिनाला, पाचाला खुणा असतात. साताला कसलीच सोपी खूण नाही. भागच द्यावा लागतो. गुरुजींनी एकेक घेतला. पहिल्याची बाकी सहा उरली. दुसऱ्याची पाच. तिसऱ्याची चार. मग पुन्हा सहा. शेवटच्याची दोन.

त्यांनी चकत्या गोळा केल्या आणि फडक्यावर ठेवल्या. "नाही," ते म्हणाले. "असा आकडाच नाही. गणित संपलं."

त्यांचा आवाज समाधानाचा होता, पण बोलून झाल्यावर त्यांनी पाठ टेकली आणि तोंड हळूच भिंतीकडे वळलं. बाईजानं ते पाहिलं. संपलं तर हा माणूस उद्या सकाळी काय करील?

"संपलं कसं?" ती म्हणाली. "मास्तरांनी तीन गोष्टी विचारल्यात. नसला तर का नाय, ते सांगायचंय अजून. मी जाऊन सांगणार त्यांना."

"तू?"

"गणित मीच आणलं ना? मग उत्तरही मीच पोचवणार. मला शिकवा."

"अगो, कोंडूला मी निरोप धाडतो कुणाबरोबर."

"निरोप नको. त्यांनी मधेच काय विचारलं तर निरोप्या काय सांगंल? मला सगळं कळाया पायजे. पयल्यापासनं शिकवा."

गुरुजींनी नाही-नाही म्हणून पाहिलं. पण बाईजानं चकत्यांचं फडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि समोर मांडी घालून बसली. शेवटी त्यांनी घसा खाकरला, वर्गात खाकरत तसा, आणि शिकवायला लागले.

ती सावकाश शिकत होती, पण सोडत नव्हती. समजलं नाही तर समजलं म्हणत नव्हती. चाराची खूण तिच्या डोक्यात शिरेना, तेव्हा गुरुजींनी चिंचोके मांडून दाखवले; तरी शिरेना, तेव्हा ती चिंचोके पदरात बांधून शेतावर घेऊन गेली आणि दुपारी येताना उंबऱ्यातूनच ओरडली, "शंभराला चारानं भाग जातोच, म्हणून मागचे दोनच बघायचे. व्हय ना?"

"होय!" गुरुजी ओटीवरून ओरडले.

असं करत दोघं त्या पाच जुळण्यांपर्यंत आले. बाईजानं पहिली मांडली, एक, चार, सात, पुढं दोन, पाच, आठ, मग नऊ. साताचा भाग तिनं स्वतः दिला, अडखळत. बाकी सहा. बरोबर. मग तिनं चकत्या उचलल्या आणि पहिल्या तिघांकडे बघत राहिली.

"एक-चार-सात घेतलं. अन् सात-चार-एक का नाय घेतलं?"

"तेच ते. आकडे तेच, बेरीज तीच बारा. उलटं काय, सुलटं काय."

"बेरीज तिनासाठी ना?"

"हो."

"अन् साताला आपण बेरीज करत नाय. भाग देतो."

गुरुजी काहीतरी बोलायला गेले, वर्गात उत्तर देत त्याच सुरात, पण बोलण्याऐवजी त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे." तिनं सात, चार, एक त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते बोटांनी चाचपले, मांडले, आणि पुटपुटत भाग देऊ लागले. बाकी दोन उरली.

"जात नाय," बाईजा हिरमुसून म्हणाली.

"नाही जात. पण आधीच्याची बाकी सहा होती, याची दोन!" गुरुजींचे कान लाल झाले होते. "बाकी बदलली. म्हणजे जागा बदलली की साताला फरक पडतो. मी अर्धेच तपासले गो. प्रत्येक जोडीतला एकच घेतला नि दुसरा टाकून दिला. इतकी वर्षं पोरांना सांगत आलो, पायरी गाळू नका म्हणून." क्षणभर त्यांनी कपाळ धरलं. मग गुडघ्यावर सरसावून बसले. "सांग पुढचा. आता एकही सोडायचा नाही."

नऊ-आठ-एक घेतला, सहा-पाच-चार, मग तीन. बाकी दोन. नऊ-आठ-सात, तसाच. बाकी पाच. बाईजानं पुढचा मांडला. तीन, आठ, एक. सहा, पाच, चार. सात.

गुरुजींनी चकत्यांवर बोट ठेवलं. "अडतीसात सात पाचे पस्तीस, उरले तीन. एकतीस. सात चोक अठ्ठावीस, उरले तीन. छत्तीस. सात पाचे पस्तीस, उरला एक. पंधरा. सात दुणे चौदा, उरला एक. चौदा. सात दुणे चौदा." त्यांचं बोट शेवटच्या चकतीवर आलं आणि थांबलं.

"सात," बाईजा म्हणाली. "सात एके सात."

राही दारात सूप धरून उभी होती, तिनं ते खाली ठेवलं.

गुरुजींनी पुढं दोन ठेवला, आठाचा भाग गेला. नऊ ठेवला, नवाचा गेला. शून्य. दहाचा गेला. मग उरलेली एक जुळणीही त्यांनी उलटून बघितली, कारण आता काही सोडायचं नव्हतं. तिची बाकी सहा उरली. मग ते पुन्हा त्या आकड्याकडे आले आणि मोठ्यानं वाचला, गावात कुणी एवढा आकडा कधी उच्चारला नसेल: "तीन अब्ज एक्क्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद. आहे. आणि एकच आहे."

बाईजा पदरात तोंड घालून रडली. गुरुजी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले तर तो खांद्यावर पडला. तो त्यांनी तिथंच राहू दिला.

"उद्या शहापूरला निघायचं," ते म्हणाले. "दोघांनी."

दिवाळीपासून ते अंगणाबाहेर पडले नव्हते. नदी उतरताना त्यांनी तिचा खांदा धरला, दगडावरून पाय घसरला तेव्हा कंबरेपर्यंत भिजले, आणि तसेच ओल्या धोतरानं किन्हवलीला लेकीच्या दारात उभे राहिले. वत्सला त्यांच्याकडे बघतच राहिली.

कोंडू मास्तरांनी सातवीचा वर्ग थांबवला. त्यांनी आकडा फळ्यावर लिहिला आणि एकेक भाग देत खाली उतरत गेले. दहापर्यंत पोचल्यावर खडू ठेवला आणि धर्माजींना मिठी मारली. मग मागं सरून डोळे पुसत म्हणाले, "पण एकच कशावरून?"

"ते ही सांगेल," गुरुजी म्हणाले.

बाईजानं वर्गाकडे पाहिलं. पोरं तोंडं दाबून हसत होती. तिनं फडकं सोडलं, चकत्या टेबलावर ओतल्या आणि सांगायला लागली. चाराच्या खुणेपाशी ती अडली. गुरुजींनी मागून "शंभर" एवढंच म्हटलं आणि गाडी पुढं निघाली. दहा जुळण्यांपर्यंत ती आली तेव्हा पोरांचं हसणं केव्हाच थांबलं होतं. पुढच्या रांगेतले दोघे तिच्या आधीच बाक्या ओरडून सांगू लागले, आणि एकाची चुकली तेव्हा बाईजा म्हणाली, "परत दे भाग. घाई करू नको." गुरुजी खुर्चीवर बसून ऐकत होते, मान किंचित तिरकी करून.

परतीला एक बैलगाडी मिळाली. तीत बसल्यावर गुरुजी म्हणाले, "अकरावा आकडा जोडला तर? आता कुठलाही चालेल, परत आला तरी हरकत नाही." त्यांनी ओठ हलवत हिशेब केला. "सहा. अकरानं जातो. बारासाठी शून्य. तेरासाठी आठ." किन्हवलीचं वळण आलं तेव्हा ते थांबले. "चौदाला अडला. कुठलाच बसत नाही."

"मग हा इथंवरच," बाईजा म्हणाली. "दुसरा असंल ना, याच्यापुढं जाणारा?"

"असेलही. पहिल्या जागेपासूनच आकडे परत आले तरी चालतील, असं धरून शोधावा लागेल. दहाबारा नाहीत, शेकड्यांनी तपासावे लागतील."

"शोधू. पण आधी भाताच्या रोपासाठी जमिनीचा राब भाजायचाय. त्याला लागणारी फाटी अजून तोडून झाली नायत."

गुरुजींना नोकरी परत मिळाली नाही. कोंडू मास्तरांनी खटपट केली, नियम आड आला. त्या पावसाळ्यानंतर मात्र वैशाखऱ्याची चारदोन पोरं तोंडी हिशेब शिकायला ओटीवर येऊ लागली, मग शेजारच्या वाड्यांतलीही. लढाईच्या काळात पाट्या-कागद मिळेनासे झाले तरी त्यांचा वर्ग चालू राहिला, कारण तिथं कागद लागतच नव्हता. आकडे ओळखायला शिकवायचं काम बाईजाचं होतं. राही तिच्याकडेच शिकली, आणि राहीच्या मागून वाडीतल्या आणखी बायका.

चौदा ओलांडणारा आकडा त्यांना १९३८ च्या उन्हाळ्यातच सापडला होता. तो सोळावर अडला. त्या दिवशी बाईजानं नव्या चकत्यांसाठी माती भिजवली, कारण एकाच आकड्यात तीन-तीन आठ लागू लागले होते, आणि गुरुजी म्हणाले, "जास्त कर. सतराची तयारी ठेव."